सहानं खाली

मार्गशीर्षात येळ्ळूरची भातं कापून झाली होती.
राजहंसगडाच्या बुरुजावर भरमाण्णा मुतगेकर,
मांडीवर आम्ही दोघांनी जोडलेला सेट,
स्कूटरची बॅटरी, एरियल म्हणून पडद्याची नळी.
मी देसूरच्या वाटेनं खाली उतरत होतो,
गळ्यात मीटर, खिशात वही,
डाव्या हातात दुसरा सेट, सुतळीनं आवळलेला.

हुद्दार सरांनी बजावलं होतं :
मध्ये झाड नको, भिंत नको, तार नको.
मोकळ्यात मोजा.
आणि मोकळंच होतं. धसकटं, बगळे,
एक म्हैस, तीही वाटेपासून लांब.

दर थांब्याला तो आकडे म्हणणार, मी काटा बघणार.
तो कन्नडात म्हणायचा. वंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
घरात मराठी, पण शाळेत पाढे तसे पाठ झालेले,
मोजायचं म्हटलं की त्याची जीभ आपोआप रूळ बदलायची.
मी उलट टपाली एक, दोन, तीन, चार.

पाव किलोमीटर. काटा इथं.
अर्धा. काटा सहानं खाली.
एक. आणखी सहानं.
दोन. पुन्हा सहा.
मला त्या सहाचा राग यायला लागला.
कुणी अडवत नव्हतं, कुणी खात नव्हतं,
वाटेत नाका नव्हता, चौकी नव्हती,
तरी अंतर दुप्पट झालं की वसुली ठरलेली.

हे मला वर्गात कळलं नव्हतं.
कळलं नंतर, गुंडू पेंटरच्या ओट्यावर.
भरमाण्णाचा चुलता. खडेबाजारात पाट्या रंगवायचा,
वर कन्नड ठसठशीत, खाली मराठी मावेल तसं,
रातोरात कुणी डांबर फासलं की दोन्ही पुन्हा.
म्हणाला, हे तर माझंच दुखणं.
डबा एकच. गिऱ्हाइकाला पाटी दुप्पट लांबून
तेवढीच दिसायला हवी,
म्हणजे दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद. चौपट पत्रा.
रंग सांडला नाही, चोरला नाही,
हात पातळ बसला, एवढंच.
तिप्पट लांब म्हणशील तर नऊपट.
मग रंगाखालनं पत्रा बघतोय तुझ्याकडं.
"पण रंग असतोय गा,"
नखानं एक जुनी पाटी खरवडून त्यानं दाखवलं,
नखात निळं काहीतरी.

चार किलोमीटरवर, स्टेशनच्या अलीकडे,
मीटरनं अंग टाकलं. काटा स्वतःच्याच थरथरीत.
सेटमध्ये खरखर, आणि ती बाहेरून आलेली नव्हती,
आमच्याच डागकामाची, आमच्याच सुट्या भागांची ऊब.
कान लावून बसलो.
आधी व्यंजनं गळाली. मग स्वर एकमेकांत मिसळले.
उरला नुसता चढ, चार पायऱ्यांचा,
शेजारच्या घरात कुणी माडीवर जावं
आणि पावलांवरून भाषा कळू नये, तसा.
वंदु होतं की एक, शपथेवर सांगता आलं नसतं.
माणूस होता. चार होते.

शेवटी तो विचारत असावा, येऊलालाय काय गा?
मी होय म्हटलं.
ते होय बुरुजापर्यंत चढलं की नाही कुणास ठाऊक,
तो थांबला नाही.
अंधार पडला तरी मोजत होता, घसा बसेपर्यंत.

वहीच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं :
आकडे चार, भाषा अस्पष्ट.
सरांनी लाल शाईनं खोडलं. नोंद डेसिबलमध्ये करा.

भरमाण्णा आता हुबळीत असतो. दसऱ्याला फोन करतो.
आवाज इतका स्वच्छ येतो
की आम्ही लवकर ठेवून देतो.

त्या संध्याकाळचं जे माझ्याकडे आलं नाही,
बुरुजावरून सरळ वर गेलं,
ते अजून जातंय. पाव वॉटचा एक डबा,
तेहतीस वर्षं रुंदीचा पत्रा.
काही दिसत नाही म्हणा.
गुंडू पेंटर असता
तर त्यानं नख पुढं केलं असतं.